ध्रुवयानावर बदली माणूस

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्यासोबत ती घडली तो माणूस आजही नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीत नोकरीला आहे आणि दर महिन्याला पगारपत्रकावर वेळेवर सही करतो.

मी शपथ वगैरे घेत नाही. पत्ता देतो.

पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन. देवळावरून पुढं गेलं की निळ्या दाराचं घर. मच्छिंद्र मास्तरांचं घर म्हटलं की कुणीही दाखवतं. वेळ दुपारची, बारा वाजून दहा मिनिटं. अंगणात खाटेवर शेवया वाळत घातलेल्या. ऊन इतकं की माणसाची सावलीसुद्धा पायाखाली लपलेली.

भीती वाटावी असं तिथं काहीच नव्हतं.

हीच या गोष्टीतली वाईट बाब आहे. रात्र असती तर म्हणता आलं असतं, अंधारात भास झाला.

हे घडलं ते कल्याणसोबत. कल्याण माझा साडू आणि मास्तर त्याचे सख्खे मामा.

कल्याणला गप्प बसता येत नाही. साखरपुडा असो, सत्कार असो, शोकसभा असो, 'दोन शब्द कोण बोलणार?' असं कुणी विचारायच्या आत हा उभा राहिलेला असतो. बियाणं विकून विकून तोंडाला आश्वासनांची सवय लागलेली. 'उगवण शंभर टक्के, माझा शब्द!' हे वाक्य तो झोपेतही म्हणतो, असं माझी मेहुणी सांगते. ती खोटं बोलत नाही, कारण तिला बोलायला मिळतच नाही.

मास्तर अगदी उलटे. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. हळू बोलायचे. फळ्यावर लिहून झालं की खडूचा हात मानेमागे चोळायची सवय, त्यामुळे सदऱ्याची कॉलर कायम पांढरी. व्यसन एकच.

'ध्रुवयान'.

ही टीव्हीवरची मालिका. परदेशी, पण हिंदीतून बोलणारी. मास्तरांचं लग्न झालं त्या साली सुरू झाली आणि सव्वीस वर्षं चालली. मुलगी लग्नाला आली तरी यान काही पोचलं नाही.

गोष्ट साधी होती. एक यान फार लांबच्या ताऱ्याकडे निघालंय. सगळी माणसं थंडगार पेट्यांत झोपलेली. जागा एकच जण. तो काचेपुढच्या खुर्चीत बसून पहारा देतो. त्याची पाळी संपली की यान विचारतं, 'पहारा कुणाचा?' मग दुसऱ्यानं येऊन आपलं नाव सांगायचं. त्यानंतरच पहिल्यानं उठायचं.

दुसरा आलाच नाही तर?

तर पहिल्यानं उठायचं नाही.

एका भागात एक माणूस असा चाळीस वर्षं बसून राहिला होता. तो भाग मास्तरांनी वर्गात शिकवला होता म्हणे. विषय विज्ञान, धडा जबाबदारीचा.

निवृत्तीनंतर त्या मालिकेवरचा कॉम्प्युटर गेम निघाला. मुलगी राजनंदिनी पुण्याला असते. तिनं कॉम्प्युटर आणून दिला, गेम टाकून दिला. गेम मराठीत होता. भाषांतर मात्र एखाद्या निवृत्त अव्वल कारकुनानं केलं असावं, कारण यान तहसीलच्या नोटिशीसारखं बोलायचं. 'आपली पाळी सुरू झाली आहे. कृपया आसन सोडू नये.'

गेममध्ये तीनशे पाळ्या होत्या. गावात सकाळी गेलेली लाईट बाराच्या पुढंमागं यायची. बारा दहाला मास्तर कानाला हेडफोन लावून खुर्चीत. चतुराबाई, म्हणजे मामी, कपभर चहा बाजूला ठेवून जायच्या. खुर्ची शाळेच्या भंगारातून आणलेली, लाकडी. कुणीही बसलं की करकरायची. उठलं तरी करकरायची. घरात कुठंही असलं तरी मामींना कळायचं, मास्तर बसले, मास्तर उठले.

ही खुर्ची लक्षात ठेवा.

फाल्गुनात एका दुपारी मास्तर बसले. खुर्ची करकरली. मामींनी चहा ठेवला. तासाभरानं आल्या तर चहा तसाच. गुंगलेत, असं समजून त्यांनी कपावर बशी झाकली आणि गेल्या. दिवेलागणीपर्यंत त्या खुर्ची करकरायची वाट बघत होत्या.

ती करकरली नाही.

तीनशेवी पाळी तेवढी राहिली.

दहाव्याला आम्ही सगळे नदीवर होतो. पाणी कमी, वाळू जास्त. हरिओम गुरुजींनी पिंड मांडला. समोर बाभळीवर एकच कावळा बसलेला.

तो काही खाली येईना.

कावळा शिवला नाही तर गेलेल्याचा जीव कशाततरी अडकलाय, असं आपल्याकडे धरतात. मग घरच्यांनी एकेक करून पुढं व्हायचं आणि शब्द द्यायचा. ज्याचा शब्द बरोबर लागेल, त्याला कावळा उतरतो.

राजनंदिनी हात जोडून म्हणाली, "बापू, आईला मी एकटं पडू देणार न्हाई."

कावळ्यानं मान फिरवली.

मास्तरांचे धाकटे भाऊ रामकिसन पुढं झाले. "दादा, विहिरीचं पाणी बराबर निम्मं निम्मं. बिलकुल भांडन न्हाई!"

कावळ्यानं फांदीला चोच पुसली.

"त्याला बी पटलं न्हाई," मी मागून हळूच म्हणालो. दोघंतिघं तोंडावर उपरणं धरून हसले.

अर्धा तास गेला. एक तास गेला. वाळू तापली. सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते आणि बाभळीवरचा तेवढा गप्प होता.

"आनखी कुनी हाय का?" गुरुजींनी विचारलं.

असं विचारल्यावर कल्याण थोडाच बसणार! छाती पुढं काढून तो म्हणाला, "मामा, तुमची गेममधली ती शेवटची पाळी राह्यली ना? मी पुरी करतो. मी सोता. माझा शब्द!"

आणि...

कावळा उतरला.

कल्याणचे जोडलेले हात अजून खाली आले नव्हते. त्याच्या आधी चोच पिंडाला लागलेली.

"शिवला! शिवला!" लोक ओरडले आणि आंघोळीला पळाले. जेवताना कल्याणचं कौतुक झालं. कुणाला काय सुचेल सांगता येत नाही, असं सगळे म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो जालन्याला परतला आणि दिलेला शब्द, बियाण्याच्या पुडीवरच्या शब्दासारखा, विसरून गेला.

तीन आठवड्यांनी मामींचा फोन आला.

"कल्याण, तू कव्हा येऊन राह्यलास?"

"काहून मामी? सगळं बराबर हाय ना?"

"ते बोलून राह्यलं रे."

"कोन?"

"ते यान. रोज. बारा वाजून गेले की."

कल्याण हसला. "मामी, लाईट आली की कॉम्प्युटर आपोआप चालू व्हतो. तशी सेटिंग असती."

"असन बाबा. मला काय कळतंय त्यातलं." मग मामी म्हणाल्या, "पन कपातला चहा बी संपून राह्यलाय."

"मामी... तुम्ही चहा ठेवता?"

"सवय हाय. हात आपसूक ठेवतो."

"मांजर पीत आसंल."

"मांजर बशी उचलून बाजूला ठेवतं का रे? पुना कपावर झाकतं का?"

कल्याणनं 'माझा शब्द' न म्हणता फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा. पुढच्या रविवारी त्यानं मोटारसायकल काढली.

तो पोचला तेव्हा बाराला पाच कमी होते. मामींनी पाणी दिलं. खोलीचं दार लोटलेलं. आत सगळं जसंच्या तसं. टेबल, कॉम्प्युटर, वर खुंटीला हेडफोन. भिंतीवर मास्तरांचा फोटो, त्याला हार. खिडकीबाहेर लिंबाचं झाड.

"बस," मामी म्हणाल्या. "आता येईल लाईट."

कल्याण खुर्चीत बसला.

खुर्ची...

करकरली नाही.

त्याला आधी ते कळलंच नाही. मामींना कळलं. त्यांनी पदर तोंडाशी नेला. कल्याण वजनानं मास्तरांच्या दीडपट. त्यानं मुद्दाम अंग हलवलं. डावीकडं रेलला. उजवीकडं रेलला.

खुर्चीतून आवाज नाही.

कुणीतरी आधीच बसलेलं असावं, आणि आपण त्याच्या मांडीवर... एवढा विचार त्याच्या मनात आला आणि त्यानं तो घाईघाईनं बाहेर काढला.

लाईट आली. पंखा फिरला. कॉम्प्युटर सुरू झाला. कल्याणनं कशालाही हात लावला नव्हता. पडद्यावर अंधार उजळत गेला. यानाची मोठी काच, काचेत तारे, काचेपुढे खुर्ची. खुर्चीत पाठमोरा पहारेकरी. गेममध्ये त्याचा चेहरा कधीच दिसत नाही, नुसती पाठ. निळा गणवेश. साध्या बाहुल्यासारखं चित्र.

त्या बाहुल्यानं उजवा हात वर केला...

आणि मानेमागे चोळला.

गणवेशाची कॉलर पांढरी होती.

मामी दारातच उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. पण बघता येतं.

"हे असंच," त्या म्हणाल्या. "दिवसभर बसल्या बसल्या असंच करायचे."

मग आवाज आला. बारीक. पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. खुंटीवरच्या हेडफोनमधून.

'पहारा... कुणाचा?'

कल्याणनं हेडफोनची वायर पाहिली. ती भिंतीवरून खाली लोंबत होती आणि तिचं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं.

पडद्यावर चौकट आली. आत रेघ लुकलुकत होती.

"लिही की," मामी म्हणाल्या. "तुजं नाव लिही. तू सोता म्हनला व्हतास. त्यांना उठू दे आता. लई दिस झाले बसून."

आता तुम्हीच सांगा. एरवी काय आहे त्यात? गेम आहे. नाव टाकायचं, बटण दाबायचं, घरी जायचं. पण कल्याणची बोटं टेबलावरून उठेनात. नाव लिहिलं तर मामा उठतील. ठीक. मग बसेल कोण?

त्यानं लिहिलं, 'मच्छिंद्र'.

उत्तर आलं : 'मच्छिंद्र हे पहाऱ्यावर आहेत. कृपया बदली नाव द्यावे.'

त्यानं सुचेल ते खोटं नाव लिहिलं.

'या नावाचे कोणीही नदीवर हजर नव्हते.'

कल्याणच्या पाठीवरून घाम ओघळला. पंखा चालू असून. नदीचा या गेमशी काय संबंध? त्यानं दातओठ खाऊन लिहिलं, 'रामकिसन'.

'रामकिसन यांनी विहिरीच्या पाण्याबाबत शब्द दिला आहे. तो त्यांनी पाळलेला नाही. दुसरा शब्द स्वीकारता येत नाही.'

हे मात्र खरं होतं. आदल्याच दिवशी रामकिसननं विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला कुलूप लावलं होतं. गावात ते फक्त मामींना माहीत होतं.

"काय म्हनतंय रे?" मामींनी विचारलं.

"काई न्हाई. नाव बराबर टाईप व्हईना."

'पहारा कुणाचा?' हेडफोन पुन्हा बोलला. या वेळी जरा मोठ्यानं.

नदीवर हजर असलेला कुणीतरी. ज्याच्याकडे शब्द बाकी नाही असा. कल्याणचं डोकं विक्रीत तयार झालेलं. गिऱ्हाईक अडलं की पळवाट सापडते. नदीवर अजून एक जण होता. त्यानं कुणाला शब्द दिला नव्हता. उलट घेतला होता.

कल्याणनं तीन अक्षरं लिहिली आणि मामी विचारायच्या आत बटण दाबलं.

'कावळा'.

पडदा थिजला. पंख्याचा आवाज बंद झाला, पंखा मात्र फिरत होता. शेजारची पिठाची गिरणी थांबली. बाहेर कोंबड्या, चिमण्या, सगळं चिडीचूप...

मग ओळ उमटली.

'नोंद घेतली आहे. कावळा पहाऱ्यावर. मच्छिंद्र, आपण मोकळे आहात.'

कल्याणच्या खालची खुर्ची...

करकरली.

तो हलला नव्हता. हललं ते दुसरंच कुणीतरी. मग पुन्हा एकदा करकरली, आणि या वेळी ती त्याच्या वजनानं करकरली हे त्याला साफ कळलं.

मामी रडत होत्या आणि हसत होत्या. "उठले. उठले ते. मी आवाज वळखते."

"मामी, झालं काम," कल्याण म्हणाला.

"तुजं नाव लिहिलंस ना?"

मामींना वाचता येत नाही, हे मी आधी सांगितलंच आहे.

"हा मंग. माझंच."

मामींनी त्याच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "लेकरा, सख्ख्या पोरानं केलं नसतं. माज्या दहाव्याला बी तूच ऱ्हा बाबा. मला लई येळ ताटकळत ठिवू नको. ऊन सोसत न्हाई मला."

"शब्द, मामी," कल्याण म्हणाला.

सवयीनं.

त्या दिवसापासून चहा कपात तसाच राहू लागला. मामींनी ठेवायचा बंद केला. दर महिन्याला मात्र एसटीच्या कंडक्टरकडे त्या कल्याणसाठी शेंगदाण्याची चटणी पाठवायच्या. त्यांच्या जागेला बसलेल्या लेकराला, असा निरोप. कल्याण ती चटणी खायचा नाही. मला द्यायचा. उत्तम असायची.

आणि खिडकीबाहेरच्या लिंबावर एक कावळा येऊन बसला.

पाखरू झाडावर बसलं, यात बातमी काय? पण हा उठायचा नाही. खिडकीकडे तोंड करून बसलेला. मामींनी भाकरी टाकली, पाणी ठेवलं. ढुंकून पाहिलं नाही. पावसाळा आला. भिजला, पण तसाच. ओरडणं नाही, पंख फडफडवणं नाही.

गावातले बाकीचे कावळे मात्र हळूहळू दिसेनासे झाले.

भादव्यात पित्रांच्या पंधरवड्याला हे गावाच्या लक्षात आलं. पत्र्यांवर घास ठेवले. वडे, खीर, आमटी, सगळं. दुपार झाली, घास सुकले. एकही कावळा नाही. चौकातल्या चहाच्या टपरीवर मोठी चर्चा झाली. कुणी म्हणालं, मोबाईलच्या टॉवरमुळं. कुणी म्हणालं, फवारणीमुळं. ग्रामसभेत ठराव मांडला गेला की कावळ्यांबाबत वरिष्ठ कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा. तज्ज्ञ म्हणून कल्याणला बोलावलं. तो आला, पंचवीस मिनिटं बोलला आणि हवामानबदल आहे असं सांगून गेला.

जाताना त्यानं निळ्या दाराच्या घराकडे पाहिलं नाही. लिंबाकडे तर नाहीच.

मला हे सगळं तेव्हा माहीत नव्हतं. मी चटणी खात होतो.

दिवाळी झाली आणि चौथ्या दिवशी मामी झोपेतच गेल्या. काही दुखणं नाही. राजनंदिनी म्हणाली, चेहरा अगदी शांत होता, वाट बघत बसलेल्या माणसासारखा.

दहावा. तीच नदी, पाणी आता जरा जास्त. हरिओम गुरुजींनी पिंड मांडला. बाभळीवर कुणी नाही. आभाळात कुणी नाही. लांब लांबपर्यंत एक काळा ठिपका नाही.

राजनंदिनीनं शब्द दिला. रामकिसननं पाण्याचा शब्द पुन्हा दिला आणि या वेळी कुलपाची किल्लीच वाळूवर ठेवली. म्हातारा रडला. शेजारपाजारच्यांनी शब्द दिले. अकरा वाजले. साडेअकरा झाले. ऊन चढलं.

"आई, काय राह्यलं गं तुजं?" राजनंदिनी हंबरडा फोडून म्हणाली. "तुला ऊन सोसत न्हाई ना?"

सगळे कल्याणकडे बघत होते. आता हा बोलेल. आणि कल्याण...

गप्प होता.

ती शांतता इतकी अवघड झाली, की ती मोडायला म्हणून मीच पुढं झालो. चटणी आठवली. म्हणालो, "मामी, कल्याणची काळजी करू नका. त्याला गरज पडली तर त्याच्या जागेला मी उभा आहे."

कुठूनच काही आलं नाही.

"मंग दर्भाचा कावळा करू," हरिओम गुरुजी म्हणाले. खरा कावळा आलाच नाही तर गवताचा करून शिववतात, शास्त्रात सोय आहे. पण राजनंदिनीनं त्यांचा हात धरला. "थोडं थांबा, काका. मला गवताचा नको."

कल्याण उठला. मोबाईल घरी राहिला, असं काहीतरी पुटपुटला आणि गावाकडे चालू लागला. पुढचं त्यानं मला नंतर सांगितलं.

घरात कुणी नव्हतं. सगळा गाव नदीवर. लिंबावर तो बसलेला. सात महिन्यांत अर्धा झालेला, नुसती पिसं आणि डोळे. कल्याण खाली उभा राहिला तसं त्यानं खिडकीवरची नजर काढली आणि पहिल्यांदाच कल्याणकडे पाहिलं. रागानं नाही. आपल्या बदलीचा माणूस एसटीतून उतरताना दिसावा, तसं.

बारा दहा झाले. लाईट आली.

कॉम्प्युटरची पिन मामींनी श्रावणातच काढून ठेवली होती. वायर गुंडाळून फळीवर ठेवलेली. तरी पडदा उजळला. काच. तारे. मोठी खुर्ची. तिच्या पाठीवर एक लहानसा काळा आकार.

'पाळी क्रमांक तीनशे. पहारेकरी : कावळा. सेवा : सात महिने. विश्रांती : नाही. बदली आलेली नाही.'

आणि खाली नवीन ओळ होती.

'चतुराबाई प्रतीक्षेत आहेत. ऊन आहे.'

कल्याणनं ती ओळ दोनदा वाचली. हे सांगताना तो मला म्हणाला, "भाऊ, आजवर हजारो जणांना शब्द दिला. पन बियानं उगवलं न्हाई म्हनून रडताना मी कुनालाच पाह्यलं न्हाई. मी तवर दुसऱ्या तालुक्यात गेलेलो असायचो."

'पहारा कुणाचा?'

तो खुर्चीत बसला. ती करकरली. त्यानं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. एक अक्षर चुकलं ते खोडून पुन्हा बरोबर लिहिलं. बटण दाबलं.

खिडकीबाहेर पंख वाजले.

घरापासून नदी अर्धा किलोमीटर. तरी त्याला स्वच्छ ऐकू आलं. शंभर माणसं एकदम ओरडली, "शिवला! शिवला!"

आम्ही तिथं होतो. आम्ही पाहिलं. तो कुठून आला कळलं नाही. शिवून उडून गेला नाही. पिंड खाल्ला, सगळा खाल्ला, पानावरची शितंसुद्धा वेचली, आणि वाळूतच पंख पसरून झोपून गेला. गुरुजींनी असं कधी पाहिलं नव्हतं.

तिकडं कल्याणचा जीव भांड्यात पडला. काही झालं नव्हतं. हातपाय जागेवर होते. पडदा काळा झालेला. त्यानं मामांच्या फोटोला हात जोडले आणि तो खुर्चीतून उठला.

खुर्ची...

उठताना करकरली नाही.

त्यानं पुन्हा बसून पाहिलं नाही. धावतच बाहेर आला.

गावात कावळे परत आले आहेत. ग्रामपंचायतीनं त्याचं श्रेय पत्रव्यवहाराला दिलं. राजनंदिनीनं कॉम्प्युटर भंगारात देऊन टाकला. खुर्ची देणार होती, पण ती कुणाला उचलेना. दोन माणसं लावली तरी. आता ती खोलीच बंद असते.

कल्याणचं म्हणाल, तर तो ठणठणीत आहे. कामावर जातो. फक्त बोलत नाही फारसा. आणि रोज बारा दहाला, असेल तिथं, ऑफिसात, रस्त्यात, गिऱ्हाईकासमोर, तो थांबतो. तोंड उघड्या जागेकडे करून बघत राहतो. हाक मारली तर ऐकू जात नाही. हळूहळू उजवा हात मानेमागे जातो. लाईट जाते तेव्हा भानावर येतो. जालन्यात लाईट फारशी जात नाही, मग कधी कधी संध्याकाळच होते.

परवा तो माझ्याकडे आला. संध्याकाळी, चहाला. बराच वेळ कपाकडे बघत बसला. मग सहज विचारावं तसं म्हणाला,

"भाऊ, तुमचं पूर्ण नाव काय हो? कागदोपत्री?"

तीस वर्षं आम्ही साडू आहोत. त्याच्या लग्नपत्रिकेत माझं नाव आहे.

"काहून रे?" मी विचारलं.

तो नुसता हसला. रागानं नाही.

मी विषय बदलला, चकली दिली, फाटकापर्यंत सोडायला गेलो. तो गेल्यावर पाना आणला आणि दारावरची नावाची पाटी काढली. ती आता कपाटात कपड्यांखाली आहे. टपालवाल्याला त्रास होतो, पण इलाज नाही.

नाव त्याला माहीत आहेच, हे मला कळतं. तो विचारत नव्हता. परवानगी मागत होता.

आणि मी नदीवर हजर होतो. शंभर माणसांपुढं मीच म्हणालो होतो, त्याच्या जागेला मी उभा आहे.

आत्ता हे लिहितोय ती जेवणाच्या टेबलाची खुर्ची नवीनच आहे. गेल्या वर्षी घेतली. लोखंडी. पहिल्या दिवसापासून बसलं की किंचित कुरकुरायची.

आज सकाळी बसलो तेव्हा...

जाऊ द्या. नवीन आहे. मुरलं असेल तेल.